घरचा खाऊ आणि विमानतळावरील सुरक्षा तपासणी (पुणे)

विमानप्रवासात स्वतःचे पाणी, पेये व खाद्यपदार्थ हातसामानातून सुरक्षा तपासणीपलीकडे नेण्याचा प्रघात. भारतात खाऊ नेण्यावर सरसकट बंदी नाही. कोणता पदार्थ हातात चालेल आणि कोणता चेक-इनच्या बॅगेत टाकावा लागेल, हे बहुतांशी तो पदार्थ घट्ट आहे की वाहता, यावर ठरते. हापूसची पेटी फळ म्हणून सुखाने पुढे सरकते. त्याच आंब्यांचा रस काढून बाटलीत भरला की तो द्रव ठरतो.

पुण्याचा विमानतळ लोहगावला, हवाई दलाच्या तळावर आहे. धावपट्टी हवाई दलाची, टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे आणि प्रवाशांची झडती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, अशी ही विभागणी आहे. काय न्यावे, काय नेऊ नये हे नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्युरो ठरवतो. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. इमारत ऐसपैस झाली, ‘डिब्बा खोलिए’ हे वाक्य तेवढे जुनेच राहिले.

द्रवावरचे बंधन फार जुने नाही. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेऊन अटलांटिकवरून जाणारी विमाने उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी १० ऑगस्ट २००६ रोजी उघडकीस आणला. त्यानंतर जगभर जो नियम रुळला तो असा : द्रव, जेल व लेपासारखे पदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या डब्यांत, आणि ते सगळे डबे एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. येथे मोजले जाते ते डब्याचे माप, आतला माल नव्हे. दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी चमचाभर तूप उरले असले तरी ती बाटली बादच. तान्ह्या मुलाचे दूध आणि प्रवासात लागणारी औषधे यांना सवलत असते.

हा नियम आंतरराष्ट्रीय उड्डाणांना काटेकोरपणे लागतो. देशांतर्गत उड्डाणाला पाण्याची बाटली सहसा जाऊ देतात. क्वचित एक घोट पिऊन दाखवायला सांगतात. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन यांच्या आसपास बंदोबस्त वाढतो तेव्हा तपासणीही वाढते. गफलत होते ती दिल्लीमार्गे परदेशी निघालेल्यांची. लोहगावला बिनतक्रार पार झालेली बाटली दिल्लीत आंतरराष्ट्रीय बाजूच्या तपासणीत काढून ठेवावी लागते. शहाणे लोक रिकामी बाटली नेतात आणि तपासणीनंतर नळावर भरून घेतात.

डबा उघडायला का लावतात, याचे उत्तर क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर असते. यंत्र सेंद्रिय वस्तू नारिंगी आणि धातू निळ्या रंगात दाखवते. अन्न सेंद्रिय, आणि बहुतेक स्फोटकेही सेंद्रियच. त्यामुळे डिंकाच्या लाडवांचा गच्च थर किंवा आंबा बर्फीचा खोका पडद्यावर एक दाट नारिंगी ठोकळा होऊन बसतो. त्यावर स्टीलचा डबा असेल तर आतले आणखीच दिसत नाही. मग जवान हातमोजा घालून झाकण काढतो, ‘इसमें क्या है?’ विचारतो. पुरणपोळ्यांची चळत, प्रत्येक पोळीमध्ये केळीच्या पानाचा तुकडा, वर तुपाची वाटी. पोळ्या आत जातात, वाटीवर चर्चा होते. बाकरवडी, चिवडा, श्रूजबेरी बिस्किटे, वेफर्स हा कोरडा माल मात्र फारशा विचारपूसेशिवाय जातो. पाकिटे बॅगेच्या तळाशी न कोंबता वर ठेवली तर काम लवकर उरकते.

अडते ते मधल्या पदार्थांपाशी. श्रीखंड खाणाऱ्याच्या लेखी घट्ट असते, नियमाच्या लेखी लेप. शंभर मिलिलिटरच्या डबीतून श्रीखंड नेणे हा तर श्रीखंडाचाच अपमान, तेव्हा ते चेक-इनच्या बॅगेतच टाकावे. मिरचीचे लोणचे आणि तिखटाची पूड हातसामानात चालत नाही. तिथे कारण द्रवाचे नसून डोळ्यांत फेकता येण्याचे आहे. ठेचाही त्याच पंगतीत बसतो. आंबा कापायला म्हणून घेतलेली सुरी अर्थातच जप्त होते.

खोबऱ्याची गोष्ट वेगळी. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून हवाई वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या बॅगेतही टाकू नयेत. अख्खा नारळही केबिनमध्ये नेता येत नाही. केरळातील शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला (डोक्यावरून न्यायच्या पूजासाहित्याच्या गाठोड्यातला) नारळ तपासणी करून केबिनमध्ये नेऊ द्यावा, अशी खास सवलत ब्युरोने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिली होती, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंतच. दगडूशेठच्या दर्शनाहून थेट विमानतळ गाठणाऱ्याने प्रसादाचा नारळ सोडायला आलेल्या माणसाच्या हाती द्यावा हे बरे.

एवढा खटाटोप करून डबा नेण्यामागे हौस असते, तसा हिशेबही. स्वस्त तिकिटात जेवण धरलेले नसते आणि टर्मिनलमधला चहा-वडा खिशाला झोंबतो. या तक्रारीपोटीच डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला, तिथे चहा १० रुपयांना ठेवला गेला.

सुरक्षा तपासणी पार पडली म्हणजे खाऊ मुक्कामी पोचला असे नाही. उतरल्यावर त्या देशाचे कस्टम्स आणि जैवसुरक्षेचे, म्हणजे बाहेरची कीड-रोगराई रोखण्याचे, नियम आडवे येतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सोबतचे खाद्यपदार्थ आगमनपत्रात जाहीर करावे लागतात, न केल्यास दंड होतो. संयुक्त अरब अमिरात व सिंगापूर येथे खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. दिवाळीच्या फराळात ती अनारशांवर उघड दिसते आणि करंजीच्या सारणात लपलेली असते. दुबईला लेकीकडे निघालेल्या डब्यासाठी अनारसे तिळावर थापावेत आणि सारणातून खसखस वगळावी.