झेंडेवाल्या हिरोचा दोष: चॅम्पियन्सचा डिसॲडव्हान्टेज आणि म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्सचं कॉम्प्लिकेशन एक नाहीत

झेंड्याच्या रंगाचा ड्रेस, देशावर मनापासून प्रेम, पण तापट, वरून आदेश आला की प्रश्न न विचारणारा आणि एकदा हात सुटला की कुठे थांबायचं ते न कळणारा, असा हिरो खूप जणांना खेळायचा असतो. खेळावाच. सुपरहिरो आरपीजीमध्ये (म्हणजे टेबलावर बसून कॅरेक्टर खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये) याच्याइतकं कसदार कॅरेक्टर मला तरी दुसरं माहीत नाही. पण कॅरेक्टरची शीट बघायला घेतली की तोच घोळ, परत परत: गेम म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स आणि दोष लिहिलेत चॅम्पियन्स या दुसऱ्याच गेमच्या हिशोबाने. मग तीन सेशन झाल्यावर प्लेअर म्हणतो माझा हिरो एवढा सदोष आहे तरी टेबलावर तो साधा स्टीव्ह रॉजर्सच, म्हणजे सरळमार्गी कॅप्टन अमेरिकाच, का वाटतो. कारण दोष फक्त कागदावर आहे, खेळात तो कधी आलाच नाही.

चॅम्पियन्स पटकन उरकतो, कारण ज्यांचा हा घोळ होतो त्यांना ते पाठच असतं. १९८१ चा गेम, पॉइंट मोजून कॅरेक्टर बांधायचं, पॉइंट कमी पडले की दोष घ्यायचे आणि त्याचे पॉइंट मिळवायचे. पाचव्या एडिशनमध्ये नेहमीचा सुपरहिरो २०० पॉइंटवर सुरू व्हायचा आणि अजून १५० पर्यंत डिसॲडव्हान्टेजमधून आणायचा. २००९ च्या सहाव्या एडिशनने थेट ४०० दिले आणि त्या बदल्यात ७५ पॉइंटचे दोष घ्या म्हणून सांगितलं, वर त्यांचं नावही बदलून कॉम्प्लिकेशन केलं, त्यामुळे गोंधळात भरच पडली. मी इथे जुनंच नाव वापरतोय म्हणजे दोन्ही गेम वेगळे ओळखता येतील.

म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स हा ग्रीन रोनिनचा, स्टीव्ह केन्सनने केलेला, २००२ चा. पहिल्या एडिशनमध्ये त्यातही वीकनेस घेतला की पॉइंट मिळायचे, दुसऱ्यात ड्रॉबॅकचे मिळायचे, तिसऱ्या एडिशनने हे सगळं काढून टाकलं. आता कॅरेक्टर बांधताना दोषाचा एकही पॉइंट मिळत नाही. पॉवर लेव्हल १० म्हणजे १५० पॉइंट, तुमचा हिरो संत असो नाहीतर अर्धवट खुनी असो, १५० च.

बाकी फरक आहेत पण त्यात अडकू नका. चॅम्पियन्सकडे सहा बाजूंचे तीन डाइस, म्युटंट्सकडे वीस बाजूंचा एक. मागावर असलेला शत्रू तिकडे हंटेड, इकडे एनिमी. हे दोन सेशनमध्ये अंगवळणी पडतं. एक मात्र सांगतोच कारण ते मला फार खुपतं. म्युटंट्समध्ये फ्लॉ नावाची गोष्ट वेगळी आहे, ती पॉवरला लागते, माणसाच्या स्वभावाला नाही. ढाल हातातून काढून घेता येते म्हणून ढालीवर रिमूव्हेबल लावलं आणि पॉवर स्वस्त झाली, हा फ्लॉ. "अहंकारी" हा फ्लॉ नाही. पॉवरच्या रकान्यात अहंकारी, हट्टी, आंधळा देशभक्त असं लिहून किंमत कमी करून आणलेल्या शीट मी जीएम (गेम चालवणारा) म्हणून परत देतो.

आता खरा फरक.

चॅम्पियन्समधला दोष ही उचल आहे. ऊसतोडीला जाणारं जोडपं हंगामाआधी मुकादमाकडून पैसे उचलतं आणि मग हंगामभर ते फेडतं, तसं इथे पॉइंट पहिल्या दिवशी मिळतात आणि मग कॅम्पेनभर जीएम वसूल करतो. म्युटंट्समध्ये उचल नाही, रोजंदारी आहे. दोषाने त्या दिवशी तुमच्या हिरोचं नुकसान केलं तर त्या दिवशी एक हिरो पॉइंट (पुढे अडचणीत वापरायचा) हातात, नाही केलं तर काही नाही. हे वाक्य वाचून सगळे मान डोलावतात आणि तरी शीट जुन्याच सवयीने भरतात, म्हणून एक खरं कॅरेक्टर घेऊन बघूया.

जॉन वॉकर घ्या. २०२१ च्या मालिकेमुळे बऱ्याच जणांना तो माहीत आहे पण मी कॉमिक्समधला घेतोय. मार्क ग्रुएनवाल्ड आणि पॉल नियरी यांनी १९८६ मध्ये तो सुपर-पॅट्रिअट म्हणून आणला. भाऊ व्हिएतनाममध्ये मारला गेलेला, त्याच्यासारखं व्हायचं हेच डोक्यात. १९८७ मध्ये कॅप्टन अमेरिका कॉमिकच्या ३३२ व्या अंकात स्टीव्ह रॉजर्सने सरकारी आयोगाच्या तालावर नाचायला नकार देऊन ढाल आणि ड्रेस परत केला, आणि आयोगाने ३३३ व्या अंकात ते दोन्ही वॉकरला दिलं. मग त्याच्याच जुन्या साथीदारांनी त्याचं खरं नाव जाहीर केलं, ३४५ व्या अंकात वॉचडॉग्ज टोळीने त्याचे आईवडील मारले, आणि वॉकरचा तोल गेला तो गेलाच, त्याने त्या टोळीतली माणसं मारली. ३५० मध्ये ढाल रॉजर्सकडे परत आणि १९८९ मध्येच, ३५४ मध्ये वॉकर यू.एस. एजंट म्हणून उभा.

त्याला चॅम्पियन्समध्ये बांधायचं तर सोपं आहे. सायकोलॉजिकल लिमिटेशन, आयोगाचा आदेश मोडू शकत नाही, कॉमन आणि स्ट्राँग, १५ पॉइंट. एनरेज्ड (राग अनावर होणं), आईवडिलांचा विषय निघाला की, तीन डाइसवर ११ किंवा कमी. हंटेड, वॉचडॉग्ज. आणि बहुतेक हिरोंच्या शीटवर जो २० पॉइंटचा कोड अगेन्स्ट किलिंग (जीव न घेण्याचं बंधन) असतो तो इथे नाही, आणि नसण्याचे पॉइंट मिळत नाहीत हेही लक्षात ठेवा. आता समजा शरण आलेला एक वॉचडॉग गुडघ्यावर बसलाय आणि वॉकरच्या आईबद्दल काहीतरी घाण बोलतो. जीएम तीन डाइस टाकायला सांगतो, ११ किंवा कमी यायची शक्यता ६२.५ टक्के, आलं की वॉकर सुटला, प्लेअरला नको असलं तरी सुटला. परत भानावर यायला वेगळा रोल. आदेशाचं तसंच, आदेश मोडायचा असेल तर इगो रोल, म्हणजे इच्छाशक्तीचा.

हे वाईट डिझाइन अजिबात नाही. उचल घेतलीय म्हटल्यावर दोष विसरला जात नाही, हंटेडचा रोल सेशनच्या सुरुवातीला पडतो, जीएम आळशी असला तरी डाइस त्याला आठवण करून देतात. चार-पाच वर्षं चालणाऱ्या कॅम्पेनमध्ये याची किंमत कळते. पण ह्या विशिष्ट हिरोसाठी माझी तक्रार अशी की नैतिक दोषातलं नैतिक तेवढं निघून जातं. माणूस मेला, का मेला, तर डाइसवर ९ आले म्हणून. प्लेअर खांदे उडवतो आणि पुढे जातो, आणि ज्या क्षणासाठी असा हिरो खेळायचा तोच क्षण हातातून जातो.

म्युटंट्समध्ये तोच सीन. किमान दोन कॉम्प्लिकेशन घ्यावी लागतात, त्यातलं एक मोटिव्हेशन, आणि मोटिव्हेशनच्या यादीत पॅट्रिओटिझम आहेच. टेंपर आहे, हेट्रेड आहे, रेप्युटेशन आहे, रायव्हलरी आहे. यातल्या कशालाच आकडा नाही, पॉइंट नाही, ११ किंवा कमी नाही. वॉचडॉग घाण बोलतो आणि जीएम म्हणतो, टेंपर, तू ढाल उचलतोस आणि समोर तीन टीव्ही कॅमेरे चालू आहेत, हा घे हिरो पॉइंट. नियमाप्रमाणे कॉम्प्लिकेशन कधी आणायचं ते जीएम ठरवतो पण प्लेअरने सुचवायला पूर्ण वाव आहे, आणि माझं ठाम मत आहे की अशा कॅरेक्टरच्या प्लेअरने ते स्वतःहून सुचवलंच पाहिजे, जीएमच्या तोंडाकडे बघत बसू नये. कारण मग त्या ढालीमागे प्लेअरचा स्वतःचा होकार असतो. त्याने पॉइंट घेतला, त्याने मारलं, आणि पुढच्या सीनमध्ये टीमने तोंड फिरवलं तर डाइसकडे बोट दाखवता येत नाही.

आणि तो पॉइंट कामाचा असतो, शोभेचा नाही. रोल परत टाकता येतो आणि दुसऱ्यांदा १ ते १० आलं तर त्यात आणखी १० मिळवता येतात, नसलेला एखादा ॲडव्हान्टेज (खास कौशल्य) पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत मिळवता येतो, थकवा झटकता येतो. ॲडव्हेंचर संपलं की उरलेले पॉइंट गेले, साठवता येत नाहीत. म्हणजे पहिल्या तासात ज्याच्या रागाने सगळं बिघडवलं तोच शेवटच्या लढाईत सगळ्यात जास्त पॉइंट घेऊन उभा असतो. पडलेला माणूस उठून उभा राहतो हा सुपरहिरो कॉमिक्सचा आकार या नियमातच बसवलेला आहे, मला हा गेम आवडतो तो याच्यासाठी.

आता ज्याच्यावरून मी टेबलावर खरोखर भांडलोय ते. हिरो पॉइंट मिळतो तो तुमच्या हिरोचं काम अडलं म्हणून, तुमच्या हिरोने दुसऱ्याचं वाटोळं केलं म्हणून नाही. चॅम्पियन्समधून आलेला प्लेअर कैद्याला मारतो आणि म्हणतो टेंपर लिहिलंय शीटवर, द्या पॉइंट. कशाचा? कैदी मेला, तुझं काय गेलं? त्याच्याकडून मिळणारी माहिती गेली असेल, पोलीस मागे लागले असतील, आयोगाने ढाल काढून घेतली असेल, टीममधल्या कोणी साथ सोडली असेल तर पॉइंट आहे, आणि आनंदाने आहे. नुसतं क्रूर वागायला बक्षीस दिलं की दोन सेशनमध्ये तो प्लेअर पॉइंटसाठी माणसं मारायला लागतो आणि बाकीचे खेळायचे कंटाळतात. टीएसआरच्या १९८४ च्या मार्व्हल सुपर हिरोजमध्ये हिरोने जीव घेतला की साठवलेला सगळा कर्मा (तिथले बक्षिसाचे पॉइंट) शून्य व्हायचा, तो नियम मला जरा जास्तच कडक वाटतो, पण त्यामागची काळजी हीच होती.

दुसरं, "कॉम्प्लिकेशन: देशावर खूप प्रेम" एवढंच लिहून थांबणारे. हा दोष नाहीये हो. रॉजर्स आणि वॉकर दोघांच्या शीटवर मोटिव्हेशनच्या ओळीत पॅट्रिओटिझमच येईल, अक्षरशः तीच ओळ. आणि तरीही त्याच आयोगासमोर एकाने ड्रेस काढून ठेवला आणि दुसऱ्याने घातला. फरक त्याच्या खालच्या ओळींमध्ये आहे. रॉजर्सच्या खाली ऑनर येईल. वॉकरच्या खाली आयोगाला नाही म्हणता येत नाही, टेंपर, आणि भावाच्या नावाला जागायचं हे ऑब्सेशन. मोटिव्हेशन हिरोला दारातून बाहेर काढतं, दोष म्हणजे बाहेर पडल्यावर तो कुठे अडखळतो ते, आणि ते इतकं नेमकं लिहा की जीएमला वाचल्या वाचल्या सीन सुचला पाहिजे. "तापट" यातून काही सुचत नाही. "कोणी पत्रकाराने भावाचं नाव काढलं की मुलाखत सोडून अंगावर जातो" यातून पुढचं सेशन तयार होतं.

तिसरं, 'द बॉइज'मधल्या होमलँडरच्या छापाचं कॅरेक्टर आणून त्याला सदोष देशभक्त म्हणणारे. तो सदोष देशभक्त नाही, त्याला देशाशी घेणंदेणंच नाही, त्याला टाळ्या हव्यात. ते जीएमच्या हातात व्हिलन म्हणून जबरदस्त चालेल, पण प्लेअरच्या हातात चार जणांच्या टीममध्ये नको. वॉकर चालतो तो का, तर त्याला चांगलं व्हायचंय, खरंच व्हायचंय, आणि जमत नाही.

अजून एक गोष्ट, कॅरेक्टर बदलण्याची. चॅम्पियन्समध्ये दोष काढायचा तर त्याचे पॉइंट अनुभवातून परत भरायचे, म्हणजे आदेशवाला १५ चा दोष काढायला सेशनला दोन-तीन पॉइंट या हिशोबाने महिने जातात. संथ बदल दाखवायला हे छान आहे. पण वॉकरसारखा, ज्याचं आयुष्य एका अंकात उलटंपालटं झालं, त्याला म्युटंट्सच सोयीचं, कारण जीएमशी बोलून ओळ खोडायची आणि नवीन लिहायची, खर्च शून्य. ३५० व्या अंकानंतर मी आयोगाच्या ओळीखाली रायव्हलरी, स्टीव्ह रॉजर्स, असं लिहीन आणि रेप्युटेशनही लिहीन, कारण लोकांनी जे बघितलं ते बघितलं.

हे सगळं चालायला जीएमने मेहनत घ्यावी लागते, इथे डाइस आठवण करून देत नाहीत. प्रत्येक हिरोचं किमान एक कॉम्प्लिकेशन दर सेशनला येईल अशी तयारी आधीच करून ठेवा, शीटची एक प्रत जवळ ठेवा, आणि सेशन अर्धं झालं तरी झेंडेवाल्याला पॉइंट मिळाला नसेल तर पुढच्या सीनमध्ये कॅमेरा, आयोगाचा फोन नाहीतर भावाचा जुना मित्र यातलं काहीतरी आणा.

जुनी चॅम्पियन्सची शीट म्युटंट्समध्ये आणताय तर हंटेडचं एनिमी करा, अवलंबून असलेल्या माणसाचं रिलेशनशिप करा, सायकोलॉजिकल लिमिटेशनमधलं जे वाक्य सगळ्यात जास्त त्रास देतं ते जसंच्या तसं ठेवा आणि बाकीची तीन-चार, जी फक्त डिसॲडव्हान्टेजचा १५० चा आकडा भरायला घेतली होती, ती सोडून द्या. एनरेज्डच्या जागी टेंपर लिहा आणि शेजारी कशाने पेटतो ते लिहा. "११ किंवा कमी" मात्र खोडा, इथे तो रोल कोणी टाकत नाही.