लांडगावाचक ग्रामनामे (इंग्लंड)

जुन्या इंग्रजीतील ‘वुल्फ’ किंवा स्कँडिनेव्हियातून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या नॉर्स भाषेतील ‘उल्फ्र’ या लांडगावाचक शब्दांवरून पडलेली गावांची नावे. सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीपर्यंत (१४८५–१५०९) इंग्लंडातला लांडगा संपला असे सामान्यतः मानतात. तो कुठे वावरत होता आणि माणसे त्याच्यापासून गुरेमेंढरे कशी राखत होती, याचा पुरावा या नावांत टिकून आहे. मात्र नाव नीट तपासल्याशिवाय तो पुरावा म्हणून वापरू नये. फसगत फार सहज होते.

फसगतीचे मुख्य कारण म्हणजे ‘वुल्फ’ हा शब्द माणसांच्या नावांतही सर्रास येई: वुल्फस्टन, वुल्फ्रिक, वुल्फहेरे, एथेलवुल्फ. त्यामुळे वुल्व्हरहॅम्प्टनचा जनावराशी काही संबंध नाही. ९८५ साली एथेलरेड राजाने वुल्फ्रुन नावाच्या बाईला तिथली जमीन दिली. गावाचे नाव तेव्हा नुसते ‘हेआंतून’, म्हणजे उंचावरची वस्ती, असे होते. वुल्फ्रुनचे नाव त्याला मागाहून चिकटले. लिव्हरपूलमधील वुल्टन हे वुल्फा नावाच्या माणसाचे. १०८६ च्या डूम्सडे बुकात (राजाने करवलेल्या इंग्लंडमधील जमिनींच्या नोंदवहीत) ते ‘उलुएन्तुने’ असे लिहिले आहे आणि त्यातला ‘एन’ हा ‘वुल्फा’ या नावाचा षष्ठीचा प्रत्यय आहे. आजच्या उच्चारात तो पुसला गेला, म्हणून आजच्या नावावरून निकाल देता येत नाही.

दुसरी फसगत उच्चाराची. ‘वुल्फ’नंतर व्यंजन आले की ‘फ’ गळतो आणि उरते ‘वुल’, जे आज ऐकायला लोकरीच्या शब्दासारखेच लागते. लंडनमधील वुलिच खरोखरच लोकरीच्या व्यापाराची जागा होती. डॉर्सेटमधील वूल या गावाचे नाव तर झऱ्यावरून आले. डूम्सडेत ते ‘वेले’ आहे. याउलट वुली या नावाच्या अनेक गावांत ‘वुल्फ’ आणि ‘लेआ’ (रान किंवा रानातली मोकळी जागा) हे दोन शब्द आहेत, आणि लोकरीचा तिथे संबंध नाही. आणखी एक अडचण अशी, की डूम्सडेचे नॉर्मन लेखनिक ‘उ’पूर्वीचा ‘व’ वारंवार गाळत. म्हणून ‘उल’ने सुरू होणारी नोंद दिसली की ती नॉर्सच असेल असे नाही, वर दिलेले वुल्टन इंग्रजीच आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी सर्वांत जुनी लेखने, शक्य असल्यास १०८६ पूर्वीच्या दानपत्रांतली, एकत्र करावीत. मग पहिल्या पदाची विभक्ती पाहावी. एकवचनी षष्ठी असेल तर बहुधा माणूस. मूळ रूप किंवा अनेकवचन असेल तर जनावराची शक्यता वाढते. शेवटी दुसरे पद पाहावे, कारण बऱ्याचदा निकाल तेच देते. ‘तून’ म्हणजे वाडी आणि नॉर्स ‘बी’ म्हणजे गाव, यांना मालक असतो. लिंकनशरमधील अल्सबी हे असेच उल्फ्र नावाच्या माणसाचे गाव. खड्डा, दरी, टेकडी, कुंपण यांच्याआधी मात्र लांडगा शोभतो. कंब्रियातील अल्फा हे गाव ‘उल्फ्र’ आणि ‘हाउग्र’ (टेकडी) यांपासून झाले. १२७९ मध्ये ते ‘वुल्फहौ’ असे आढळते.

वॉरिकशरमधली दोन नावे मोलाची आहेत. वुल्व्ही म्हणजे लांडग्यांविरुद्ध घातलेले कुंपण, आणि वुलफर्ड म्हणजे लांडग्यांपासून राखलेली जागा. या दुसऱ्या नावाच्या शेवटी आज नदी पायी ओलांडण्याच्या जागेचा ‘फर्ड’ ऐकू येतो, पण मूळ पद ‘वेआर्द’, म्हणजे राखण, हे आहे. डूम्सडेतील ‘व्होल्वार्दे’ या लेखनामुळे ते कळते.

सर्वांत भक्कम उदाहरण सफकमधील वुलपिटचे. दहाव्या शतकात ‘व्ल्पिट’, १०८६ मध्ये ‘व्ल्फपेता’: ‘वुल्फ-पिट’ म्हणजे लांडगे पकडण्याचा खड्डा. अशा खड्ड्याच्या भिंती उभ्या लागतात. उतार राहिला तर जनावर चढून निघते. तोंडावर फांद्या आणि पाला पसरून आमिष ठेवतात. इथे भाषेच्या जोडीला साक्षही आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस न्यूबर्गच्या विल्यम या बखरकाराने या गावात सापडलेल्या हिरव्या कातडीच्या मुलांची प्रसिद्ध कथा नोंदवताना स्पष्ट लिहिले, की गावाजवळ ‘वुल्फपिट्स’ नावाचे फार जुने खड्डे आहेत आणि गावाचे नाव त्यांवरूनच पडले. इतका थेट दुजोरा ग्रामनामांच्या अभ्यासात क्वचितच मिळतो.

लिखित आदेशांशीही ही नावे जुळतात. १२८१ मध्ये राजा पहिल्या एडवर्डने पीटर कॉर्बेट नावाच्या माणसाला ग्लॉस्टरशर, वुस्टरशर, हेरफर्डशर, श्रॉपशर आणि स्टॅफर्डशरमधले लांडगे मारून संपवण्याचा हुकूम दिला होता.

मालक की जनावर, हा प्रश्न महाराष्ट्रातही पडतो. सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ तालुक्यात लांडगेवाडी आहे. ‘वाडी’आधी बहुधा आडनाव येते आणि लांडगे हे प्रचलित आडनाव आहे. जनावरावरून नाव पडले असते तर मराठीच्या वळणाने ‘लांडग्याचा माळ’ किंवा ‘लांडग्याची दरी’ असे सामान्यरूप दिसायला हवे. त्यामुळे लांडग्यांचा जुना वावर शोधायचा असेल तर गावांच्या यादीपेक्षा शेतांची, माळांची आणि ओढ्यांची स्थानिक नावे आधी तपासावीत.