'सहा महिने दिलेत' या वाक्याचं गणित

"डॉक्टरांनी सहा महिने दिलेत." मैत्रीण फोनवर एवढंच बोलली आणि थांबली. तिच्या बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर, चौथी स्टेज, यकृतात पसरलेला. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवते. हे तिला पक्कं ठाऊक आहे, कारण पुढचा प्रश्न तिने मलाच विचारला, "सहा म्हणजे नक्की किती गं?"

वरवर वेडगळ वाटणारा हा प्रश्न मला फार नेमका वाटतो. मला खटकतं ते त्यातलं 'दिलेत' हे क्रियापद. जणू डॉक्टरांच्या कपाटात महिने रचून ठेवलेत आणि ते ज्याला त्याला मोजून देतात. प्रत्यक्षात डॉक्टर बहुतेकदा म्हणालेले असतात, "साधारण सहा ते बारा महिने, पण एकेकाचं सांगता येत नाही." दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत 'साधारण' गळतं, 'बारा' गळतं, 'सांगता येत नाही' तर कुणी ऐकलेलंच नसतं. हातात उरतो सहाचा आकडा, आणि मग त्याची औषधाच्या पाकिटावर असते तशी एक्स्पायरी डेट होते.

आधी आजाराबद्दल थोडं. अन्ननलिका म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. ती चांगलीच ताणली जाते आणि इथेच घात होतो. आतली वाट साधारण १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद होईपर्यंत माणसाला फारसं काही जाणवत नाही. मग घन घास अडकायला लागतो, पुढे मऊ अन्न, शेवटी पाणीसुद्धा. म्हणजे "घास अडकतोय" अशी तक्रार घेऊन माणूस दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत पोचतो तेव्हा गाठ बरीच जुनी झालेली असते. शिवाय जठर, आतडी यांना बाहेरून जे पातळ आवरण असतं ते अन्ननलिकेच्या बहुतेक भागाला नसतंच, आणि तिच्या अस्तराखाली लसिकावाहिन्यांचं दाट जाळं असतं. कॅन्सरच्या पेशींना पसरायला वाट आयती मिळते. जगात २०२२ साली या कॅन्सरचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी त्याने सुमारे ४ लाख ४५ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे इतके जवळजवळ असणं हेच या आजाराचं वर्णन. अमेरिकेतल्या नोंदींनुसार गाठ जागच्या जागी असताना सापडली तर जवळपास निम्मे रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडली तर शंभरातले पाचेक.

पण शंभरातले पाच म्हणजे माझ्या मैत्रिणीचे बाबा किती? आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. थोडी आकडेमोड आहे, पण कागद-पेन घेऊन बसलात तर दहा मिनिटांचं काम.

असं समजा, पसरलेल्या अन्ननलिकेच्या कॅन्सरचे दहा रुग्ण आहेत आणि आपण त्यांच्यावर निदानापासून लक्ष ठेवलं. (आकडे मी शिकवण्यासाठी रचलेले आहेत.) सहा जणांचा मृत्यू अनुक्रमे २, ३, ६, ८, ११ आणि १७ व्या महिन्यात झाला. एकाशी चौथ्या महिन्यानंतर संपर्कच तुटला. तो आहे की नाही, माहीत नाही. उरलेले तिघं आज हिशोबाला बसलो त्या दिवशी हयात आहेत, त्यांना अनुक्रमे २०, २६ आणि ३४ महिने झालेत. प्रश्न असा, की निम्मे रुग्ण किती महिने जगले?

पहिला मोह होतो तो ज्यांचं 'नक्की माहीत आहे' तेवढेच सहा घेण्याचा. त्यांचा मध्यक, म्हणजे रांगेतल्या मधल्या दोघांच्या बरोबर मधला आकडा, येतो ७ महिने. पण हे उघड अन्यायाचं आहे. सर्वांत जास्त जगलेल्या तिघांना आपण हिशोबातूनच काढून टाकलं, कारण काय, तर ते अजून जिवंत आहेत!

हा गुंता दोन माणसांनी वेगवेगळ्या जागी बसून सोडवला. पॉल मायर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॅन्सरच्या रुग्णांच्या आयुर्मानाचा विचार करत होते. एडवर्ड कॅप्लन बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत होते आणि त्यांना चिंता होती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या टेलिफोन केबलींमधल्या व्हॅक्यूम ट्यूबांची. त्या किती वर्षं चालतील? बऱ्याचशा ट्यूबा अजून चालूच आहेत, त्यांचं काय धरायचं? प्रश्न हुबेहूब तोच. दोघांनी आपापले लेख एकाच नियतकालिकाकडे धाडले, तिथून सूचना आली की दोघं मिळून एक लेख लिहा. दोन पद्धतींचा मेळ घालायला चार वर्षं पत्रव्यवहार चालला, तोवर दुसरंच कुणी हे छापून मोकळं होईल अशी धाकधूक होती. अखेर १९५८ मध्ये लेख आला. आज कुठल्याही कॅन्सरच्या औषधाच्या बातमीमागे जो पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारा आलेख असतो, तो हा कॅप्लन–मायर आलेख.

युक्ती अशी. सगळा काळ एकदम मोजायचा नाही. प्रत्येक मृत्यूच्या क्षणी फक्त एवढंच विचारायचं, की या क्षणापर्यंत नजरेत किती जण होते आणि त्यातले किती तरले? मग हे सगळे अपूर्णांक एकमेकांना गुणत जायचं.

दुसऱ्या महिन्यात दहापैकी नऊ तरले, ९/१०, म्हणजे ९० टक्के. तिसऱ्यात नवातले आठ. ०.९ गुणिले ८/९, ८० टक्के. चौथ्यात एक जण नजरेआड झाला. आलेख खाली येत नाही, पण यापुढे छेद मात्र आठऐवजी सात. सहाव्या महिन्यात सातातले सहा तरले, ०.८ गुणिले ६/७, साधारण ६९ टक्के. आठव्यात सहातले पाच, ५७ टक्के. अकराव्यात पाचातले चार, ४६ टक्के. झालं, ५० ची रेघ ओलांडली. मध्यक ११ महिने. तीच माणसं, तोच आजार, आणि उत्तर सातावरून अकरावर गेलं, केवळ जिवंत माणसांना जिवंत म्हणून मोजलं म्हणून. संपर्क तुटलेल्या माणसानेही आपल्याला चार महिन्यांची खरी माहिती दिली होती. ती वाया गेली नाही, आणि त्याला खोटं मारावंही लागलं नाही.

(एक अट लपलेली आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नजरेआड झालेल्यांची तब्येत उरलेल्यांसारखीच असावी हे यात गृहीत धरलेलं असतं. कुणी 'आता उठवतच नाही' म्हणून तपासणीला यायचं थांबला असेल, तर आलेख खोटी आशा दाखवतो.)

आता त्या ११ कडे पुन्हा बघा. त्याच्या अलीकडे दोन महिन्यांचा माणूस आहे आणि पलीकडे चौतीस महिन्यांचा, तोही अजून हयात. मध्यक म्हणजे फक्त रांगेचा मध्य. त्याला खालच्या बाजूने शून्याची भिंत आहे, वरच्या बाजूने भिंतच नाही, म्हणून आलेखाला उजवीकडे लांब शेपूट येतं. शाळेत किरणोत्सारी पदार्थांचा अर्धायुष्यकाल शिकलात तो आठवा. अर्धायुष्यकालात निम्मे अणू उरतात, तसं पसरलेल्या अवस्थेतल्या बऱ्याच कॅन्सरमध्ये मध्यकाच्या दुप्पट काळानंतर साधारण पाव रुग्ण उरतात, तिप्पट काळानंतर आठवा हिस्सा. अर्ध्या काळापाशी ७१ टक्के, सहाव्या हिश्श्यापाशी ८९ टक्के. म्हणजे मध्यक १२ महिने असेल, तर दहाएक टक्के माणसं पहिल्या दोन महिन्यांतच जातील, जवळपास निम्मी सहा ते चोवीस महिन्यांच्या पट्ट्यात, आणि दहाएक टक्के तीन वर्षांच्याही पुढे. हे नुसतं पाटीवरचं गणित नाही. कॅन्सरतज्ज्ञांनी असे पट औषधांच्या चाचण्यांवर ताडून पाहिलेत, ते ढोबळमानाने जुळतात.

या शेपटामुळेच बातम्या दोन्हीकडून फसवतात. पसरलेल्या अन्ननलिकेच्या कॅन्सरवर पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या) औषधाची ७४९ रुग्णांवरची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या किमोने मध्यक ९.८ महिने, किमो आणि हे औषध मिळून १२.४. कुणी याला 'क्रांती' म्हणेल, कुणी म्हणेल अडीच महिन्यांसाठी एवढा खटाटोप? दोघंही मध्यकच बघतायत. दोन वर्षांपाशी बघा, शंभरातले १६ विरुद्ध २८. औषधाचा फायदा सगळ्यांना थोडा-थोडा वाटला गेला असं नाही. काहींना जवळजवळ काहीच मिळालं नाही, काहींना पुष्कळ मिळालं. गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ची, म्हणजे या औषधाचा उपयोग होण्याची शक्यता किती याचा अंदाज देणाऱ्या प्रथिनाची, तपासणी का करतात, याचं उत्तर यातच आहे. आणखी एक. त्या चाचणीत हिंडत्या-फिरत्या रुग्णांनाच घेतलं होतं. बिछान्याला खिळलेल्या माणसाला तो १२.४ लावू नये.

अणू आणि माणूस यांत फरक इथे पडतो. कुठला अणू आधी फुटणार हे अणूकडे बघून कळत नाही, माणसाकडे बघून थोडंफार कळतं. डॉक्टर विचारतात, "दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो?" तो गप्पा म्हणून विचारलेला प्रश्न नसतो. शून्य ते चार अशी त्याची श्रेणी आहे. जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ खुर्चीत किंवा पलंगावर जात असेल, तर श्रेणी तीन, आणि तिथे किमोचा फायदा कमी, त्रास जास्त. दुसरी खूण वजनाची. हे वजन केवळ खाणं कमी झाल्याने उतरत नाही. गाठीमुळे शरीरात जी दाहक रसायनं सुटतात ती स्नायू मोडून खातात, त्यामुळे नळीतून भरपूर पोषण देऊनही मांस भरून येत नाही. "दोन घास जास्त खाल्ले असते तर" या विचाराने घरचे स्वतःला आणि रुग्णालाही छळतात, त्यांनी हे जरूर समजून घ्यावं.

गिळण्याचं गणित वेगळं, आयुष्याचं वेगळं, हेही घरोघरी मिसळलं जातं. अन्ननलिकेत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकला की एक-दोन दिवसांत माणूस खाऊ लागतो, घरात आनंदीआनंद होतो. तो आनंद खराच आहे, पण स्टेंटने वाट मोकळी केली, गाठ तिथेच आहे. उलट, घास अडकायला लागला म्हणजे किमो वाया गेली असंही नाही. रेडिएशननंतर, ज्याला आपण 'शेक' म्हणतो, आतून सूज येते आणि काही दिवस गिळणं आणखी अवघड होतं.

"तुकडा काढून तपासला म्हणून पसरला" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त विचारते, की तुकडा काढला नसता तर कुठलं औषध द्यायचं हे कशावरून ठरवलं असतं? साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो, या फॉरवर्डवर मात्र वाद घालते. मुळात वजन घटत चाललेल्या माणसाच्या तोंडचा गोड घास काढून घेतला तर उपाशी तोच राहतो. गाठ आपली साखर त्याच्या रक्तातून घेत राहते, आणि ती शरीर स्वतःच बनवतं.

डॉक्टरांचा अंदाज तरी कितपत बरोबर? अमेरिकेत २००० साली छापलेल्या एका अभ्यासात ३४३ डॉक्टरांना शेवटच्या टप्प्यातल्या ४६८ रुग्णांबद्दल विचारलं होतं. जवळपास बरोबर अंदाज निघाले २० टक्के. ६३ टक्के अंदाज गरजेपेक्षा आशावादी होते, आणि डॉक्टर रुग्णाला जितका जास्त काळ ओळखत होते तितकी चूक वाढत होती. ओळखीच्या माणसाला कमी महिने सांगायला जीभ वळत नाही, दुसरं काय.

म्हणून मैत्रिणीला मी म्हटलं, "किती महिने असं विचारू नकोस. बाबांसारख्या शंभर जणांचं काय होतं, ते विचार. लवकर जाणारे केव्हा, मधले केव्हा, उशिरापर्यंत टिकणारे केव्हा. आणि बदल कुठल्या वेगाने होतोय ते घरी लिहून ठेव." पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवेत, काम करणारे एक साधं माप वापरतात. फरक महिन्या-महिन्याने दिसत असेल तर बोलणं महिन्यांचं, आठवड्या-आठवड्याने दिसत असेल तर आठवड्यांचं, रोज दिसत असेल तर दिवसांचं.

पंधरा दिवसांनी तिने मला फोटो पाठवला. केसपेपरच्या मागे डॉक्टरांनी पेनाने उतरत्या पायऱ्या काढल्या होत्या आणि शेजारी लिहिलं होतं, '२, ५ ते २०, ३०'. खाली तिचा मेसेज. तिचा भाऊ परदेशात असतो, त्याने रजा केव्हा टाकावी असं तिने डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "तीस होवोत. पण रजा पाच धरून टाकायला सांगा."

भावाने पुढच्याच महिन्याचं तिकीट काढलं.