केळ आणि ऊन (कोकणपट्टी)

कोकणातल्या वाडीत केळ बहुधा माडा-पोफळीच्या सावलीत दिसते. त्यामुळे तिला ऊन सोसत नाही, असा समज रूढ आहे. खरे तर केळीला भरपूर ऊन हवे असते. दाट सावलीतही ती जगते, पण तिथे ती उशिरा विते, म्हणजे तिला घड उशिरा लागतो, आणि हा घड, म्हणजे लोंगर, लहान पडतो. तिला त्रास होतो तो कोरड्या हवेतल्या उष्म्याचा, आणि मुळांना पाणी पुरत नसताना लागणाऱ्या उन्हाचा. दमट हवा आणि ओली जमीन असेल, तर कोकणातले एरवीचे रणरणते ऊनही केळ मजेत खाते.

साधारण २७ ते ३१ अंश सेल्सिअस तापमानात केळ सर्वांत जोमाने वाढते. अशा हवेत आठ-दहा दिवसांत एक नवे पान सुरळीतून उलगडते. तापमान ३८ अंशांच्या पुढे गेले की वाढ जवळजवळ थांबते. किनाऱ्यालगत उन्हाळ्यातही दुपारचा पारा बहुतेक दिवशी ३२ ते ३५ च्या आसपास राहतो, कारण दुपारपर्यंत खारे वारे सुटतात. मात्र फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काही दिवस सह्याद्री उतरून पूर्वेचे कोरडे वारे येतात आणि खारे वारे उशिरा सुटतात. अशा दिवशी किनाऱ्यावरही पारा ३८-४० अंशांपर्यंत चढतो आणि हवेतला दमटपणा एकदम उतरतो. हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनाऱ्यासाठी ३७ अंश आणि सरासरीहून किमान साडेचार अंश जास्त, असा निकष लावते. डोंगरपायथ्याला खाऱ्या वाऱ्यांचा आधार आणखी कमी असतो. रायगड जिल्ह्यातल्या भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६ अंशांहून अधिक तापमानाची नोंद झाली होती.

केळीच्या पानाची मधली शीर खालून पाहिली, तर तिच्या दोन्ही अंगांना लांबच लांब फिकट पट्टा दिसतो. या पट्ट्यातल्या पेशी पाण्याने फुगतात किंवा सैलावतात, आणि त्यानुसार पानाच्या दोन पाळ्या वर-खाली होतात. सकाळी पान जवळजवळ सपाट असते. ऊन चढते तशा पाळ्या खाली कलतात आणि भर दुपारी पान घराच्या पाख्यांसारखे दोन्ही बाजूंनी उतरते. त्यामुळे ऊन अंगावर सरळ न पडता तिरपे पडते. केळीची पर्णरंध्रे, म्हणजे पानातून पाण्याची वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रे, खालच्या बाजूला जास्त असतात. पाळ्या जवळ आल्या की त्यांच्यामधली हवा थोडी दमट राहते आणि पाणी कमी उडते.

पुरेसे पाणी दिलेल्या केळीचेही पान असे मिटते. त्यामुळे दुपारी मिटलेली पाने पाहून केळ तहानली असे ठरवणे चूक आहे, आणि तेवढ्यावरून भर उन्हात आळी भरायला धावू नये. पान पाहायचे ते संध्याकाळी, किंवा दुसऱ्या दिवशी उजाडताना. तेव्हाही पाळ्या उघडल्या नसतील, तर मुळांशी पाणी नाही किंवा मुळेच बिघडली आहेत, असे समजावे. केळ तहान सहज दाखवत नाही. जमीन वाळू लागताच ती पर्णरंध्रे मिटून घेते. खोडासारख्या दिसणाऱ्या सोपांत (पानांच्या देठांच्या एकावर एक थरांत) आणि पानांतही पुष्कळ पाणी असते, म्हणून पान कोमेजण्याच्या कितीतरी आधी नवी पाने येणे मंदावते. शेवटच्या पानाला किती दिवस झाले, हे त्यामुळे भरवशाचे माप आहे.

पर्णरंध्रे मिटण्याची किंमतही मोजावी लागते. पाणी उडणे थांबले की पानाला थंडावा मिळत नाही, आणि ते भोवतालच्या हवेहून कित्येक अंशांनी तापते. पानाचे स्वतःचे तापमान सुमारे ४७ अंशांच्या वर गेले की पेशी मरू लागतात. उन्हाच्या बाजूचा भाग आधी पांढुरका, मग तपकिरी आणि कागदासारखा होतो. करपा या बुरशीजन्य रोगाचे ठिपके याहून वेगळे असतात: ते आडव्या शिरांना धरून लांबट येतात, मधे राखाडी आणि भोवती पिवळे कडे असते. वाऱ्याने पान थोडे चिरले, तर अरुंद पट्ट्यांना वारा चांगला लागतो आणि ते अखंड पानापेक्षा कमी तापतात. पार चिंध्या झाल्या, तर मात्र नुकसानच.

कोकणात ऑक्टोबरही जपण्यासारखा असतो. चार महिने ढगाखाली वाढलेली पाने मंद उजेडाला सरावलेली असतात. पाणी तुंबलेल्या जागी मुळे कुजून कमी झालेली असतात. अशात आभाळ एकदम मोकळे झाले की ऊन मार्चइतके कडक नसूनही पाने भाजतात. उतीसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे थेट शेतात न लावता आधी शेडनेटखाली हळूहळू सरावतात, त्यामागचे कारण हेच आहे.

घडाला ऊन पानापेक्षा जास्त बाधते, कारण त्याला कलून बचाव करता येत नाही. दुपारनंतर हवा सर्वांत तापलेली असते, म्हणून बागेच्या पश्चिम कडेचे लोंगर आधी भाजतात. वरच्या फण्यांची साल काळवंडते. दांडा भाजला तर नुकसान मोठे, कारण घडाचे अन्नपाणी त्यातूनच जाते. मग फळ भरत नाही किंवा अवेळी पिवळे पडते. त्यासाठी झाडाचे शेवटचे आखूड पान कापू नये, ते दांड्यावर वाकवून बांधावे. घडाभोवती केळीचीच वाळलेली पाने गुंडाळावीत.

जांभ्या जमिनीत पाणी टिकत नाही आणि केळीची बहुतेक मुळे वरच्या फूटभरातच असतात. म्हणून आळ्यात झावळ्या, पातेरा किंवा सोपट पसरणे हा उन्हाळ्यातला सर्वांत उपयोगी उपाय ठरतो. जातींमध्येही फरक आहे. सफेद वेलची आणि राजेळी या जातींत रानकेळीच्या काटक 'बाल्बिसियाना' प्रजातीचा अंश आहे, बसराईत तो नाही. सर्वसाधारणपणे हा अंश असलेल्या जाती पाण्याचा ताण अधिक सोसतात.

उतरवलेल्या फळावरही उष्म्याचा परिणाम होतो. बसराईच्या गटातली केळी ३० अंशांच्या वर पिकवली, तर गर मऊ होतो पण सालीतला हिरवा रंग पुरता जात नाही. मे महिन्यात उघड्यावर पिकवलेली अशी केळी हिरवी दिसूनही आतून पिकलेली निघतात. व्यापारी ती १६ ते १८ अंशांच्या खोलीत पिकवतात.