लिनक्स लॅपटॉपची बॅटरी-बचत

लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यावर (कर्नलवर) चालणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी एका चार्जवर अधिक वेळ पुरावी आणि तिची क्षमता अधिक वर्षे टिकावी, यासाठी केल्या जाणाऱ्या उपायांचा समूह. पहिले उद्दिष्ट प्रोसेसर, पडदा व जोडउपकरणे यांच्या वीजवापराशी, तर दुसरे घटांच्या रासायनिक झिजेशी निगडित आहे. दोहोंची सर्रास गल्लत होते. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे, मालेगाव-बागलाणचा भागही काही जण यात धरतात) कडक उन्हाळ्यामुळे दुसऱ्या उद्दिष्टाला विशेष महत्त्व येते.

पार्श्वभूमी : इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये आणलेल्या एपीएम पद्धतीत वीजव्यवस्थापन बहुतांशी बायॉसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत आज्ञावलीच्या) हाती होते. डिसेंबर १९९६ मध्ये या दोन कंपन्यांनी तोशिबासह एसीपीआय हे प्रमाणक प्रसिद्ध केले आणि ते काम कार्यप्रणालीकडे आले. लिनक्समध्ये ही पद्धत कर्नलच्या २.६ मालिकेच्या काळात, म्हणजे साधारणतः २००३ नंतर, रुळली असे मानतात.

‘लिनक्सवर बॅटरी लवकर संपते’ या समजाच्या उगमाबाबत दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार दोष कर्नलच्या घड्याळी ठोक्याचा, म्हणजे प्रोसेसरला ठरावीक अंतराने उठवणाऱ्या इशाऱ्याचा, होता. २.६ मालिकेच्या आरंभी इंटेल धाटणीच्या प्रोसेसरवर हा ठोका सेकंदाला १,००० वेळा पडे, त्यामुळे रिकामा बसलेला प्रोसेसरही गाढ झोपेच्या अवस्थेत फार वेळ राहू शकत नसे. २.६.१३ या आवृत्तीत (२००५) ठोक्यांची पूर्वनिर्धारित संख्या सेकंदाला २५० वर आली आणि २.६.२१ मध्ये (एप्रिल २००७) काम नसताना ठोका थांबवण्याची सोय झाली. त्याच वर्षी इंटेलने प्रसिद्ध केलेल्या पॉवरटॉप या साधनामुळे प्रोसेसरला सारखे उठवणारे प्रोग्राम नावानिशी दिसू लागले आणि त्यांतल्या अनेकांची दुरुस्ती झाली.

दुसरे मत २०११ मधील घटनेकडे बोट दाखवते. प्रोसेसर व आतील उपकरणे यांच्यातील पीसीआय एक्स्प्रेस जोडण्या वापरात नसताना त्यांना कमी विजेच्या अवस्थेत नेणाऱ्या सोयीस एएसपीएम म्हणतात. काही लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये (यंत्रातच भरलेल्या आज्ञावलीत) ‘कार्यप्रणालीने यात हात घालू नये’ अशी खूण असे, मात्र फर्मवेअरने स्वतः ती सोय चालू केलेली असे. कर्नल २.६.३८ ने या खुणेचा अर्थ ‘सोय असुरक्षित आहे’ असा लावला व ती सरसकट बंद केली. परिणामी अशा यंत्रांचा वीजवापर वाढला. विंडोज त्याच परिस्थितीत फर्मवेअरची मांडणी आहे तशी राहू देते, हे लक्षात आल्यावर कर्नल-विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी कर्नलचे वर्तन तसेच केले. ही दुरुस्ती ३.३ या आवृत्तीत (मार्च २०१२) आली. दोष कर्नलचा की संदिग्ध फर्मवेअरचा, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. तथापि तक्रारी २०११ च्या आधीपासूनच्या असल्याने उगमापुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रोसेसर व साधने : वेग कमी ठेवून काम रेंगाळू द्यावे, की ते चटकन उरकून प्रोसेसर झोपवावा, हाही जुना वाद आहे. आधुनिक प्रोसेसरांच्या बाबतीत दुसऱ्या बाजूकडे कल दिसतो, मात्र सर्वोच्च वेगाला लागणारा व्होल्टेज वाढत असल्याने तो निरपवाद नाही. ‘पॉवरसेव्ह’ या पर्यायाविषयी येथे सावध असावे. प्रोसेसरचा वेग सांभाळणाऱ्या जुन्या सर्वसाधारण चालकात (ड्रायव्हरमध्ये) तो प्रोसेसरला किमान वेगाला जखडतो. इंटेल पीस्टेट या चालकाच्या नेहमीच्या सक्रिय पद्धतीत मात्र त्याच नावाखाली वेग कामाप्रमाणे कमी-जास्त होतो.

टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डेमन ही वीजवापराची मांडणी आपोआप लावणारी प्रचलित साधने. ती एकाच वेळी चालवू नयेत, एकमेकांची मांडणी पुसतात. पडद्याचा उजेड कमी करण्याइतका फायदा पुष्कळदा कोणत्याच साधनाने होत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास ते खरोखर झोपते का, हे तपासावे.

झोप : नव्या अनेक लॅपटॉपांत पूर्वीची एस-३ झोप (स्मृती सोडून बहुतेक भागांची वीज तोडणारी) मिळत नाही, त्याऐवजी एस-टू-आयडल (भाग बंद न करता केवळ निष्क्रिय ठेवणारी झोप) असते. तीत एखादे उपकरण जागे राहिले, तर झाकण लावून ठेवलेल्या यंत्राची बॅटरीही रात्रीतून बरीच उतरते. अशा यंत्रांसाठी हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून यंत्र बंद करणे) हा पर्याय उरतो.

चार्जची मर्यादा व उष्णता : लिथियम-आयन घटांची झीज उष्णता आणि भरलेली अवस्था एकत्र आल्यास झपाट्याने होते. बहुतेक घटांसाठी चार्जिंगच्या तापमानाची वरची मर्यादा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास दिलेली असते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमानच ४३-४४ अंशांच्या पुढे जाते, आणि चालू लॅपटॉपच्या पोटात ते हवेपेक्षा जास्तच असते. म्हणून येथे सायंकाळनंतर किंवा पहाटे चार्ज करणे इष्ट. पत्र्याच्या छताखालची खोली, उन्हात उभी गाडी आणि हवा कोंडणारी गोधडी टाळावी. कूलरच्या झोतात यंत्र थंड राहते, पण दमटपणा व पाण्याचे तुषार हा वेगळा धोका असतो.

थिंकपॅड, आसुस आदी यंत्रांत कर्नलद्वारे चार्ज ८० टक्क्यांवर थांबवता येतो. काही आयडियापॅडांत आकडा निवडता येत नाही, केवळ कन्झर्वेशन मोड चालू-बंद करता येतो. सर्व बनावटींत ही सोय नाही. मूळ रचनेतील क्षमता व आजची पूर्ण क्षमता यांची तुलना यूपॉवर या बॅटरीची माहिती देणाऱ्या साधनाच्या नोंदींत पाहता येते.

गावठाण फीडरवरील घरांत ही मर्यादा कायम ठेवण्यास हरकत नाही. शेतवस्तीवर मात्र शेती फीडरचा पुरवठा पाळ्यांनी येतो. ‘लाइट’ आहे तोवर पूर्ण भरून घेण्याची तेथील सवय चुकीची म्हणता येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडील गावांतही खंडित पुरवठ्यामुळे हीच अडचण येते. मर्यादा ८० वर ठेवून पाळी बदलण्याच्या बेताला टीएलपीच्या फुलचार्ज आदेशाने तेवढ्यापुरती बॅटरी भरणे, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. अर्थात यंत्र त्याला साथ देणारे हवे.

टचपॅड वर उचलला जाऊ लागला किंवा तळ फुगला, तर बॅटरी फुगली असे समजावे. त्यावर कोणतीही आज्ञावली चालत नाही. चार्जिंग तत्काळ थांबवून बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी. ती टोचू अथवा दाबू नये, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नये.