नियमित रोख मदत आणि आईची कमाई

नियमित रोख मदत म्हणजे सरकारने किंवा एखाद्या संस्थेने गरीब घरातल्या आईच्या हातात किंवा तिच्या नावाच्या खात्यात ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम टाकायची, दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी, आणि हे बरीच वर्षं चालू ठेवायचं. वस्तू नाही, कूपन नाही, आणि कर्ज तर नाहीच, त्यामुळे फेडायची भानगड नाही. सरकारी कागदांत याला रोख हस्तांतरण लिहितात, बोलताना सगळे कॅश ट्रान्सफरच म्हणतात. सुरुवातीला या योजनांचा उद्देश मुलांची शाळा, लसीकरण आणि पोषण एवढाच असायचा, आईने यातून धंदा उभा करावा अशी कुणाची फारशी अपेक्षा नव्हती. पण गेल्या पंचवीसेक वर्षांत वेगवेगळ्या देशांत जे अभ्यास झाले त्यात दिसलं की पैशाचा मोठा भाग पोटात गेला तरी थोडा भाग हळूहळू कोंबड्या-शेळ्या, बियाणं, शिलाई मशीन, विक्रीचा माल यात जातो, आणि तिथून आईची स्वतःची कमाई सुरू होते. या नोंदीत मुख्यतः तेवढंच पाहिलंय.

तारीख माहीत असण्याचा फायदा

हातावर पोट असलेल्या बाईला धंदा जमत नाही याचं कारण बहुतेक वेळा हुन्नर नसणं हे नसतं, भांडवल टिकत नाही हे असतं. समजा एक आई फिरून भाजी विकते. सकाळी माल घ्यायला रोकड नाही म्हणून व्यापाऱ्याकडून उधारीवर घ्यायचा, उधारीचा माल महाग पडतो आणि निवडूनही घेता येत नाही, जो देईल तो मुकाट घ्यायचा, संध्याकाळी उधारी चुकती केली की जे उरतं ते रात्रीच्या जेवणात संपतं आणि दुसऱ्या दिवशी परत शून्यावरून सुरुवात. त्यात मूल तापाने फणफणलं तर दोन फटके एकदम बसतात, एक तर त्या दिवशी विक्री बंद आणि दुसरं म्हणजे होते नव्हते ते पैसे औषधात, मग पुढच्या मालासाठी सावकार आहेच.

या घरात दर महिन्याला थोडी रक्कम नक्की यायला लागली तर पहिले काही महिने बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही. पैसा खाण्यात जातो, जुनी देणी फिटतात, मुलांच्या वह्या-चपला येतात, आणि इथेच बरेच जण घाईने निकाल देऊन मोकळे होतात की बघा, सगळं खाऊन टाकलं! पण आत काहीतरी बदललेलं असतं. घरखर्चासाठी मुदलात हात घालावा लागत नाही, म्हणून कालचा नफा उद्याच्या मालात जातो. रोखीने माल घेतला की स्वस्त पडतो आणि चांगला निवडून घेता येतो, म्हणून कमी नासतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे धाडस करता येतं, कारण एखाद्या दिवशी माल पडून राहिला तरी पोरं उपाशी झोपणार नाहीत एवढी खात्री असते. गरीब माणूस जोखीम घेत नाही याला लोक भित्रेपणा समजतात, पण ज्याच्याकडे चुकायला जागाच नाही तो जोखीम घेणार कशी.

खात्रीचा अजून एक उपयोग आहे जो योजना आखणाऱ्यांच्या डोक्यात सहसा नसतो, तो म्हणजे भिशी. छोट्या मासिक रकमेतून शिलाई मशीन किंवा गाय एकदम घेता येत नाही, पण दहा बायकांनी दर महिन्याला ठरलेली रक्कम काढली आणि पाळीपाळीने एकीला सगळी दिली की ती गोष्ट जमते. भिशीत घेताना बाकीच्या बायका एकच बघतात, ही दर महिन्याला पैसे भरू शकेल का. ज्या बाईच्या खात्यात तारखेला पैसे येतात तिला घ्यायला कुणाची ना नसते. म्हणजे महिन्याचा बारीक प्रवाह बायका स्वतःच जोडून एकरकमी करून घेतात.

अभ्यासांत काय दिसलं

मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा ही योजना खेड्यांत सुरू केली, पैसे आईच्या हातात, अट अशी की मुलं शाळेत गेली पाहिजेत आणि दवाखान्यात तपासणी झाली पाहिजे. पुढे तिचं नाव दोनदा बदललं, ओपोर्तुनिदादेस आणि मग प्रोस्पेरा, आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. तिच्यावर २०१२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं निघालं की मिळालेल्या दर पेसोतले (म्हणजे १०० सेंटाव्होंतले) ७४ सेंटाव्हो घरखर्चात गेले आणि उरलेले गुंतवले गेले, जनावरं, जमीन, छोटे उद्योग अशा गोष्टींत, आणि दीड वर्षात शेतीचं उत्पन्न जवळजवळ १० टक्क्यांनी वाढलं. लक्षात घ्या, धंदा करा असं या बायकांना कुणीही सांगितलं नव्हतं.

झांबियाने २०१० मध्ये लहान मुलं असलेल्या घरांसाठी अशीच योजना काढली, पण बिनशर्त, पैसे बहुतेक आयांकडे, दर दोन महिन्यांनी, घरात माणसं किती याचा हिशोब न करता सगळ्यांना सारखेच. तिथे जनावरं वाढली, बियाण्या-खतावरचा खर्च वाढला, शेतीबाहेरचे छोटे धंदे करणारी घरं वाढली, आणि बायकांचं दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणं कमी झालं. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण पेरणीच्या ऐन हंगामात पोटासाठी दुसऱ्याच्या रानात राबावं लागलं की स्वतःचं रान मागे पडतं आणि पुढचं वर्ष परत तसंच जातं. संशोधकांनी हिशोब मांडला तर घरांच्या खर्चात झालेली वाढ मिळालेल्या रकमेपेक्षाही जास्त भरली, म्हणजे पैसा घरात फिरून वाढला.

नियमितपणा नसेल तर काय होतं हे घानात दिसलं. तिथली लीप ही योजना २००८ मध्ये सुरू झाली, पण २०१० ते २०१२ या तपासणीच्या काळात हप्ते कधी वेळेवर यायचे, कधी कितीतरी महिने गायब, मग एकदम दोन-तीन. रोजच्या खर्चात काही फरक पडलाच नाही. लोकांनी कर्ज फेडलं, थोडी बचत केली, नातेवाइकांच्या अडीअडचणीला परत उभे राहू लागले, हेही कमी नाही, पण ज्या पैशाचा भरवसा नाही त्यावर कुणी महिन्याचं गणित बसवत नाही.

एकरकमी की महिन्याला

यावर बरीच वादावादी आहे. केनियात गिव्हडायरेक्टली या संस्थेच्या पैशावर २०११ ते २०१३ मध्ये झालेल्या प्रयोगात साधारण असं दिसलं की महिन्याला पैसे मिळालेल्या घरांत जेवणाची हालत सुधारली आणि एकरकमी मिळालेल्या घरांत टिकाऊ वस्तूंवर जास्त खर्च झाला, जे अपेक्षितच होतं. त्यानंतरचा मोठा प्रयोग तिथेच २०१८ मध्ये सुरू झाला, अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, तवनीत सूरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. यात काही गावांतल्या सगळ्या प्रौढांना महिन्याला साधारण २२.५ डॉलर १२ वर्षं, काही गावांना तेवढेच पण फक्त २ वर्षं, आणि काही गावांना जवळजवळ ५०० डॉलर एकदम, असे गट पाडले. २०२३ मध्ये आलेल्या निकालांत धंदे सुरू करण्यात एकरकमीवाले आणि १२ वर्षांवाले पुढे निघाले, २ वर्षांवाले मागे पडले. आता गंमत बघा, २ वर्षांवाल्यांना आणि १२ वर्षांवाल्यांना तोपर्यंत मिळालेली रक्कम सारखीच होती. फरक फक्त पुढे पैसे येणार आहेत या खात्रीचा. आणि १२ वर्षांवाल्यांनी हे साधलं कसं, तर भिशी लावून. माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात बोलका निकाल हाच आहे, कारण हप्त्याची रक्कम किती असावी यावर तासन्‌तास चर्चा होते आणि किती वर्षं द्यायची हा प्रश्न शेवटी घाईघाईत उरकला जातो. (या प्रयोगात पैसे बाया-पुरुष दोघांनाही होते, फक्त आयांना नाही, हे ध्यानात ठेवावं.)

आईच का

एकच रक्कम बापाच्या हातात गेली की वेगळी खर्च होते आणि आईच्या हातात गेली की वेगळी, याचा जुना पुरावा ब्रिटनमधला आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे मुलांसाठीची सवलत बापाच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या करात मिळायची ती बंद करून रोख रक्कम आईला द्यायला लागले, आणि पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. ब्राझीलच्या २००३ मध्ये सुरू झालेल्या बोल्सा फामिलिया या रोख मदतीच्या योजनेत तर बरीच वर्षं ९० टक्क्यांहून जास्त कार्डं बायकांच्या नावावर होती.

पण नाव आईचं असलं म्हणजे धंदाही आईचाच होतो असं समजू नये. श्रीलंकेत छोट्या उद्योजकांना भांडवल दिलं तेव्हा पुरुषांचा नफा वाढला आणि बायकांचा वाढला नाही, त्यावरून काही जणांनी बायकांना धंदा कळत नाही असा अर्थ काढला. नंतर श्रीलंका, भारत आणि घाना इथली माहिती परत तपासली तेव्हा कळलं की ज्या घरात नवऱ्याचाही धंदा आहे तिथे बायकोला मिळालेलं भांडवल बऱ्याचदा त्याच्याच धंद्यात जातं, आणि जिथे कमावणारी ती एकटीच आहे तिथे नफा चांगला होतो. घानात असंही दिसलं की बायकांना रोख देण्याऐवजी माल किंवा सामान दिलं तर ते धंद्यात जास्त टिकलं, आणि संशोधकांच्या मते याचं कारण घरच्यांचा दबाव कमी आणि हातातली रोकड खर्च करण्यापासून स्वतःला आवरता न येणं जास्त होतं.

म्हणून पैसे पोचतात कसे याला महत्त्व आहे. मोबाइलवर पैसे आले की कुणाला किती आले ते चारचौघांत कळत नाही, आणि रांगेत अर्धा दिवस जात नाही. केनियात एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, २००७ मध्ये सुरू झाली, आणि नंतरच्या अभ्यासात अंदाज निघाला की त्यामुळे जवळपास १,८५,००० बायका शेती सोडून धंद्याकडे वळल्या. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बायकांच्या स्वतःच्या खात्यात टाकली आणि खातं वापरायचं कसं ते शिकवलं, तेव्हा त्यांचं कामावर जाणं वाढलं. ती मजुरी होती, मदत नव्हती, पण खातं कुणाच्या ताब्यात आहे हा मुद्दा तोच.

लोक आळशी होतात का

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतोच, दारूत उडवतील, काम सोडतील वगैरे. दारू-तंबाखूबद्दल जगभरातल्या १९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेलाय, त्यात खर्च वाढल्याचं दिसलं नाही, उलट काही ठिकाणी किंचित कमीच झाला. कामाचं म्हणाल तर वर आलंच आहे, मजुरी कमी होते पण तो वेळ स्वतःच्या कामात जातो. कागदावर मात्र मजुरी सोडली एवढंच उठून दिसतं.

पैशाने जे होत नाही

सांभाळायला तान्हं मूल आहे आणि पाळणाघर नाही, तर महिन्याची रक्कम कितीही वेळेवर आली तरी आई बाजारात दिवसभर बसू शकत नाही. मग ती घरबसल्या होणारं आणि मुलाकडे लक्ष देत करता येणारं काम निवडते, आणि अशा कामांत गर्दी जास्त आणि कमाई कमी असते. अटी असलेल्या योजनांत हे अजून बिघडतं, मीटिंगा, तपासण्या, हजेरीचे कागद हे सगळं आईच्याच माथ्यावर, यावरून मेक्सिकोच्या योजनेवर स्त्रीवादी अभ्यासकांनी चांगलीच टीका केली होती.

निव्वळ रकमेबरोबर अजून काही जोडलं तर फरक वाढतो. नायजरमध्ये सरकार गरीब घरांतल्या बायकांना महिन्याला १०,००० फ्रँक देत होतं, त्यातल्या काही बायकांना सोबत बचत गट, धंद्याचं ट्रेनिंग, एकदाच ८०,००० फ्रँक, आणि नवरा-सासू-गावकरी यांच्याशी चर्चा घडवणारे कार्यक्रम असं वेगवेगळ्या जोड्या करून दिलं. २०२२ मध्ये छापलेल्या निकालात सगळ्याच जोड्यांनी बायकांची धंद्यातली कमाई वाढलेली दिसली.

आणि मग उत्पन्नाच्या मर्यादेची अडचण. बहुतेक योजना ठरावीक उत्पन्नाच्या खालच्यांसाठीच असतात, त्यामुळे धंदा चालायला लागला की नेमकी तेव्हाच मदत बंद व्हायची भीती. मग बायका धंदा लहानच ठेवतात किंवा कागदावर येऊ देत नाहीत, आणि कागद नसला की बँकेचं कर्ज नाही. ब्राझीलने २०२३ मध्ये यावर नियम केला की उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तरी ते माणशी किमान वेतनाच्या निम्म्याच्या आत असेल तर घराला दोन वर्षं अर्धी रक्कम मिळत राहील. २०२५ मध्ये ही मुदत नव्याने त्यात येणाऱ्या बहुतेक घरांसाठी एका वर्षावर आणली गेली.