जुन्या दिशादर्शक फलकांचे नूतनीकरण: पार्श्वभूमी

पाट्या पेंटरच्या हातात होत्या तोवर पुनर्वापर हा वेगळा विषयच नव्हता. लोखंडी पत्रा गंजला की घासायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा आणि वर नवी अक्षरे काढायची.

हे गणित रेडियमने बदलले. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर दिव्याचा उजेड परतवणारी शीट आणि मशीनवर कापलेली अक्षरे, असा फलक रूढ झाला. शीटच्या प्रती (दर्जे) आणि रंगसंगती इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 67 या रस्ताफलकांच्या संहितेने ठरवून दिल्या. तिच्या 2010, 2012 आणि 2022 मध्ये सुधारित आवृत्त्या आल्या. शीटची हमी प्रतीनुसार साधारण 7 ते 10 वर्षांची, पत्रा मात्र त्याहून कितीतरी जास्त टिकतो. तरीही शीट फिकी पडली की अख्खा फलक उतरवून भांडारात टाकायचा, निर्लेखन करायचे (नोंदीतून कमी करायचा) आणि भंगाराच्या लिलावात काढायचा, ही पद्धत पडली. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला मूळ उत्पादनाच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते, त्यामुळे तेही वाया गेले असे नाही. पण जो पत्रा जसाच्या तसा चालला असता, तो वितळवायचा कशाला?

नामांतरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. त्याची रंगीत तालीम 2010 च्या महामार्ग क्रमांकबदलात झाली होती: पुणे–सातारा–कोल्हापूरचा 4 नंबर 48 झाला, मुंबई–गोव्याचा 17 नंबर 66. पुढे 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, 2024 मध्ये अहिल्यानगर. चांगल्या स्थितीतल्या फलकांवरची एकच ओळ चुकीची ठरली.

त्या ओळीचे काय करायचे, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. फलक न उतरवता जुन्या नावावर पट्टी चिकटवणे सर्वांत स्वस्त, आणि घाईत तेच केले जाते. पट्टी साध्या व्हिनाइलची असेल तर दिवसा सगळे ठीक दिसते. रात्री गाडीच्या दिव्यात बाकीचा फलक उजळतो आणि नेमके नवे नाव काळे पडते. परावर्ती शीटची पट्टी लावली तर ती उलट जास्त चमकते, भोवतालची जुनी शीट फिकी वाटते. शिवाय झिजलेल्या शीटवर गोंद नीट धरत नाही. दोन पावसाळ्यांत कडा सुटू लागतात. याला नूतनीकरण म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. खरे नूतनीकरण म्हणजे फलक उतरवणे, जुनी शीट उष्णतेने किंवा पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने काढणे, पत्रा सपाट व स्वच्छ करणे आणि पूर्ण नवी शीट चढवणे. त्यात मजुरी लागते, जागा लागते, आणि तेवढे दिवस चौकात फलक नसतो.

अडचण हिशेबाचीही आहे. नवा फलक भांडवली खर्चात (नवी मालमत्ता) बसतो, दुरुस्ती महसुली खर्चात (रोजची देखभाल), आणि महसुली बाजू नेहमीच ओढगस्तीची. जुना पत्रा कोणाचा, पालिकेचा की उतरवणाऱ्या कंत्राटदाराचा, हे निविदेत स्पष्ट नसेल तर तो भांडारापर्यंत पोहोचेलच असे नाही.

भंगारातल्या भावासाठी फलकांचे पत्रे चोरीलाही जातात. त्याला तोड म्हणून आता दोन पातळ ॲल्युमिनियम थरांमध्ये प्लास्टिकचा गाभा असलेला संमिश्र पत्रा वापरला जातो. भंगारात त्याला किंमत कमी, म्हणून चोराला त्यात रस नाही. पण थर वेगळे करणे अवघड असल्याने उद्या तो वितळवणेही तितकेच अवघड जाणार आहे.